लँडस्केप आर्किटेक्टच्या संघटनेचा आपल्यासारख्या सामान्य माणसाला काय उपयोग?

अंगणवेल

आमची सोसायटी कोथरूडची, १९८८ साली झालेली. चार इमारती, मधे मोकळी जागा, तिथे दोन आंबे, एक बकुळ आणि एक भलंमोठं कडुनिंब. आता पुनर्विकास ठरलाय. विकसकाने दाखवलेल्या चित्रात खाली दोन मजले पार्किंग, त्यावर पोडियम, म्हणजे पार्किंगच्या छताची मोठी गच्ची, आणि पोडियमवर बाग. चित्रात झाडं छान हिरवीगार आहेत, पण त्यात आमचं एकही नाही.

समितीने ठरवलं की बागेपुरता आपला स्वतःचा माणूस नेमायचा. दोन प्रस्ताव आले. पहिला नर्सरीवाल्या कंत्राटदाराचा: डिझाइन फुकट, झाडं मात्र त्याच्याकडूनच घ्यायची. दुसरा एका लँडस्केप आर्किटेक्ट बाईंचा: फी वेगळी, झाडं कुठूनही घ्या. त्यांच्या लेटरहेडवर ‘सदस्य, इंडियन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्स’ असं छापलेलं होतं.

सभेत एका काकांनी विचारलं, "सदस्य आहेत म्हणजे नक्की काय? उद्या काम बिघडलं तर ही संघटना त्यांना जाब विचारणार आहे का?" कुणालाच सांगता येईना. मी बाईंनाच फोन केला. त्या म्हणाल्या, "संघटना माझं लायसन्स काढून घेऊ शकत नाही, कारण ते लायसन्स नाहीच." सरळ उत्तर दिलं हे मला आवडलं. पण मग अशी संघटना असते तरी कशासाठी? डॉक्टरांची, वकिलांची परिषद समजते. ही काय करते? कुणाला अनुभव असेल तर सांगा, पुढच्या रविवारी सभा आहे.

खारुताई

वाचतेय. आमच्याकडे भाची लँडस्केप शिकते म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे फोन आडवा धरायचं ना?" तेव्हा काकांचा प्रश्न अगदी रास्त आहे. :)

रानजाई

मी स्वतः लँडस्केप आर्किटेक्ट आहे, पुण्यातच १४ वर्षं काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

त्या बाईंनी सांगितलं ते खरं आहे. आपल्याकडे १९७२चा वास्तुविशारद कायदा आहे. ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावायची तर त्या कायद्याने स्थापन झालेल्या परिषदेकडे, म्हणजे काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे, नोंदणी लागते. नोंदणी नसताना उपाधी लावली तर गुन्हा. पण त्याच कायद्याच्या कलम ३७ मध्ये दोन व्यवसायांना सूट आहे: लँडस्केप आर्किटेक्ट आणि नेव्हल आर्किटेक्ट, म्हणजे जहाजांचे आराखडे करणारे. कायद्याने आम्हाला जहाजवाल्यांच्या शेजारी बसवून दोघांनाही बाहेर ठेवलं. म्हणजे हा धागा वाचून उद्या कुणी ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ अशी पाटी लावली तर हा कायदा त्याला हात लावत नाही. गंमत अशी की दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं तेही १९७२ सालीच.

अशा वेळी पदवी तपासून सदस्य करून घेणारी, वागण्याचे काही नियम घालून देणारी संघटना एवढाच आधार उरतो. आयसोला, म्हणजे तुमच्या बाईंच्या लेटरहेडवरची इंडियन सोसायटी, २००३ साली स्थापन झाली. तिला कायद्याची ताकद नाही. पण समोरचा माणूस हा विषय रीतसर शिकलाय, एवढं त्या एका ओळीतून कळतं. आजच्या बाजारात तेही कमी नाही.

मातीवाला

रानजाईताई, तुमच्याबद्दल काही नाही, पण एक बाजू माझीही ऐका. माझी नर्सरी आहे, वडिलांपासूनची. ‘डिझाइन फुकट’ म्हणणारे आम्हीच. ते फुकट का असतं? कारण गिऱ्हाईक डिझाइनचे पैसे द्यायलाच तयार नसतं, म्हणून आम्ही ते रोपांत धरतो. त्यात लबाडी कसली?

आणि पदवीवाल्यांचंही सांगतो. एका बंगल्याच्या कामावर नकाशा हातात मिळाला. पश्चिमेच्या भिंतीलगत नाजूक सावलीची झाडं, आणि १२० फुटांत पाण्याचा एकही नळ नाही. एप्रिलमध्ये सगळं करपलं. मालकाने बोल लावला मला. नकाशा काढणारा साइटवर दोनदा आला होता. तेव्हा संघटना कुठे होती?

खोडरबर

मातीवाला +१. प्रमाणपत्र भिंतीवर असतं, झाड जमिनीत.

रानजाई

मातीवाला दादा, तुम्ही सांगितलेली चूक चूकच आहे, तिचं समर्थन नाही. सावलीचं झाड पश्चिमेच्या उन्हात लावणं हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही शोभत नाही.

पण फुकट डिझाइनची अडचण लबाडीची नाहीच. ज्याची कमाई रोपांच्या संख्येवर आहे, तो ‘इथे काहीच लावू नका, आहे ते झाड वाचवा’ असं कसं सांगेल? अंगणवेल यांच्या जागेत आज सगळ्यात मोलाचं काय असेल तर ते कडुनिंब. ते वाचवण्यात कुणाचंच रोप विकलं जात नाही. रोपं विकणाऱ्याने आणि सल्ला देणाऱ्याने वेगळं असावं हा व्यावसायिक संघटनांचा जुना आग्रह आहे, तो याच कारणासाठी.

आता पोडियमचं. इथे लोक फसतात. हिरवळीला साधारण फूटभर माती पुरते, झुडपांना दीड ते दोन फूट. पण खरंखुरं झाड हवं असेल तर निदान चार फूट. भिजलेल्या मातीचं वजन घनमीटरला जवळजवळ १.८ टन असतं. म्हणजे चार फूट मातीचा भार चौरस मीटरला दोन टनांच्या वर जातो. हा भार स्लॅबच्या गणितात पहिल्या दिवसापासून धरावा लागतो. स्लॅब पडल्यावर मला बोलावतात आणि सांगतात, "मॅडम, इथे वड नको, पण वडासारखं काहीतरी द्या." तेव्हा हातात दीड फूट माती असते. मग फॉक्सटेल पाम लावतात आणि त्यालाच बाग म्हणतात.

परसदार_न्यूजर्सी

इकडचं सांगते. इथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि आपल्याकडे त्यांचाच घोळ होतो. एक सरकारी मंडळ, प्रत्येक राज्याचं. ते परवाना देतं, त्यासाठी परीक्षा असते, आणि तक्रार झाली तर परवाना काढूनही घेतं. दुसरी संघटना, अमेरिकन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्स, १८९९ साली ११ जणांनी सुरू केलेली. त्यात बीट्रिक्स फॅरंड ही एकटी बाई होती. ही संघटना परवाना देत नाही. सदस्य व्हायची सक्तीही नाही.

पण आज पन्नासही राज्यांत परवाना आहे तो या संघटनेच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाठपुराव्यामुळे. आणि मिळाला की झालं, असंही नाही. ‘हा परवाना हवा कशाला’ असा सूर अधूनमधून निघतोच. मग यांना पुन्हा जाऊन समजावावं लागतं की उतार चुकला तर शेजाऱ्याच्या तळघरात पाणी जातं, रॅम्प चुकला तर व्हीलचेअर उलटते. जिवाशी गाठ असलेलं काम आहे हे दर वेळी नव्याने सांगायचं.

टेम्सकाठी

विलायतेत मधला मार्ग आहे. ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ हे नाव इथेही कायद्याने राखीव नाही. इथल्या १९९७च्या कायद्यातही अपवाद आहे: नेव्हल, लँडस्केप आणि गोल्फ-कोर्स आर्किटेक्ट! रानजाई, तुमच्या शेजारी इथे गोल्फवालेही बसलेत. :) पण लँडस्केप इन्स्टिट्यूट १९२९ची आहे आणि १९९७ साली तिला शाही सनद मिळाली. त्यामुळे ‘चार्टर्ड’ हा शब्द तिच्या हातात आहे. पदवीनंतर अनुभव घ्यायचा, तोंडी परीक्षा द्यायची, मग तो शब्द नावापुढे लागतो. गैरवर्तन केलं तर जातो. कायदा नाव राखत नाही, पण काम देणारे तो शब्द बघूनच काम देतात.

पाचोळा

अवांतर: या व्यवसायाला मराठीत नाव काय? भूदृश्य वास्तुविशारद म्हटलं तर जीभ अडखळते. परिसर-रचनाकार कसं वाटतं?

खारुताई

परिसर-रचनाकार चांगलं आहे. भाचीला सांगते. सासूबाईंनाही.

मातीवाला

आमच्या साइटवर ‘लँडस्केपवाले’ म्हणतात, सगळ्यांना एकच. नकाशा काढणारा, लॉन अंथरणारा, ठिबकचे पाइप जोडणारा, सगळे लँडस्केपवाले. खरी अडचण इथेच आहे बहुतेक.

निवृत्त_उद्यान

मी एका महापालिकेच्या उद्यान खात्यात ३१ वर्षं होतो. नाव नको. मातीवाला यांचं शेवटचं वाक्य अगदी बरोबर. आमच्याकडे निविदा निघायची ‘उद्यान विकसित करणे’. तिच्या परिमाणपत्रकात पेव्हर ब्लॉक, कंपाउंड वॉल, कारंजं, पुतळ्याचा चौथरा, आणि शेवटच्या पानावर ‘झाडे, नग’. नग! कुठली, केवढी, खड्डा किती, दोन पावसाळे जगवायची जबाबदारी कुणाची, काही नाही. पैसे सिमेंटमध्ये असायचे, मग बागेतही सिमेंटच वाढायचं.

संघटनेकडून मला काय हवं होतं सांगतो. एक नमुना निविदा. झाडाचं वर्णन कसं लिहायचं, खोडाचा घेर किती, मुळांचा गोळा केवढा, मातीचा थर किती, देखभाल किती महिने. राष्ट्रीय इमारत संहितेत, २०१६च्या आवृत्तीत, दहाव्या भागात लँडस्केपवर स्वतंत्र प्रकरण आहे. पण ते इंग्रजी जाडजूड पुस्तक आमच्या कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर कधी पोचलं नाही. त्यातलं कामाचं चार पानांत, मराठीत, कुणी करून दिलं असतं तर मी स्वतः प्रत्येक निविदेला जोडलं असतं. खड्डा बघायला मी पारई सायकलवर टाकून घेऊन जायचो. कागदावर तीन फूट, पारई दीड फुटावर मुरमाला लागायची. बिल मात्र तीन फुटांचं.

खोडरबर

काका, पारईचा किस्सा जबरदस्त.

पण मला एक खटकतं. आमच्या भागात रस्तारुंदीत झाडं गेली, पदपथ करताना उरलेल्या झाडांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं. सुनावणीला कोण होतं? निवृत्त शिक्षिका, दोन कॉलेजची मुलं, एक रिक्षावाले. लँडस्केपच्या संघटनेचं कुणी दिसलं नाही. परिषदा होतात, पुरस्कार होतात, फोटो येतात. झाडाच्या बाजूने उभं राहायची वेळ आली की शांतता. मग ती संघटना सदस्यांची झाली, लोकांची कशी?

रानजाई

हा आरोप मी मान्य करते, मला तो लागलाही. आमच्यातले काही जण जातात, पण वैयक्तिक. संघटना म्हणून ठाम भूमिका घ्यायला आम्ही कचरतो, कारण उद्याचं काम त्याच कार्यालयाकडून यायचं असतं. खरं तर उलट हवं. एकट्या माणसाला बोलणं परवडत नाही, म्हणूनच तर संघटना लागते. बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी सोडा असं राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीसाठी २०१३ सालीच सांगितलं. तोच नियम आपल्या शहरात का नाही, हे विचारणं आमचंच काम होतं.

टेम्सकाठी

खोडरबर, पुरस्कारांना मात्र अगदी टाकाऊ म्हणू नका. दिल्लीची ‘सुंदर नर्सरी’ नावाची बाग बघितलीत का? लँडस्केप आर्किटेक्ट मोहम्मद शाहीर यांनी आखली, २०१८ साली खुली झाली. तिथे रविवारी चटई टाकून बसलेली कुटुंबं पाहिली की बाग ‘आखली’ म्हणजे काय केलं ते कळतं. असं काम लोकांपुढे आणणं हीसुद्धा संघटनेचीच गोष्ट आहे.

रोपटं

मी विद्यार्थिनी. माझी पदवीच लँडस्केप आर्किटेक्चरची आहे, पाच वर्षं आर्किटेक्चर केलेलं नाही. त्यामुळे काउन्सिलची नोंदणी मला मिळणार नाही. इंटर्नशिपच्या ऑफिसात एक सरकारी निविदा वाचली, काम उद्यानाचं, अट ‘नोंदणीकृत वास्तुविशारद’. म्हणजे नाव लावायला मला कायदा अडवत नाही, काम घ्यायला निविदा अडवते. सर म्हणाले, "आत्तापासून आयसोलाची सदस्य हो, अशा अटी बदलायच्या तर डोकी लागतात." मी झाले. काय होईल माहीत नाही, पण झाले.

पाचोळा

रोपटं, हे वाचून बरं वाटलं. तुझ्यासाठी एक जुनी गोष्ट. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सची सुरुवात १९१७ साली मुंबईत झाली, वास्तुकलेच्या माजी विद्यार्थ्यांनी केली. जॉर्ज विटेट, गेटवे ऑफ इंडियावाले, पहिले अध्यक्ष. कायदा झाला १९७२ साली. मधे ५५ वर्षं! तेवढा काळ त्या संघटनेकडेही कायद्याची ताकद नव्हती, तरी लोक जमत राहिले, मागत राहिले. आयसोला अजून तशी पोरवयातच आहे. लँडस्केप आर्किटेक्टांचा जागतिक महासंघ, जो १९४८ साली केंब्रिजमध्ये सुरू झाला आणि आयसोला ज्याची सदस्य आहे, तोही काही फार जुना नाही.

काळा_कोट

वकील आहे, मूळ प्रश्नावर येतो. काकांना सांगा: संघटना जाब विचारो न विचारो, तुम्ही विचारू शकता. फी देऊन घेतलेली सेवा आहे, २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येतं. पण त्यासाठी करार हवा. ‘बागेचे काम’ एवढंच लिहिलेलं असेल तर मीही काही करू शकणार नाही. किती भेटी, कुठल्या टप्प्याला, मातीची खोली, पाण्याचा निचरा, मेलेली झाडं कोण बदलणार, सगळं लिहा. फुकट डिझाइनला करारच नसतो, हेही ध्यानात घ्या.

दुसरं, पोडियमवरच्या बागेचं. मुंबईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये सांगितलं की नियमाने सोडायची किमान मनोरंजन जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर नाही. तो निकाल मुंबईच्या तेव्हाच्या नियमावलीवर होता. तुमच्या प्रकल्पात जमिनीवरची जागा किती, ती कुठे, हे विकसकाच्या आर्किटेक्टकडून नकाशावर लेखी घ्या. झाडांचंही तेच. राज्याच्या वृक्ष कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं वा जास्त वयाचं झाड ‘हेरिटेज’ ठरतं, आणि कुठलंही झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. तुमच्या कडुनिंबाचं वय कुणी काढलंय का?

निवृत्त_उद्यान

वय काढायच्या आधी घेर मोजा. जमिनीपासून साडेचार फुटांवर, छातीच्या उंचीला, टेप सरळ धरून. आणि सोसायटीत जुन्या माणसांना विचारा. इमारत १९८८ची असली तरी झाड शेताच्या बांधावरचं असू शकतं. कोथरूडला तेव्हा शेतंच होती.

अंगणवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारची सभा झाली, सांगते.

शनिवारी आम्ही तिघी टेप घेऊन खाली उतरलो. कडुनिंबाचा घेर २ मीटर ३० सेंटिमीटर. एक आजी गॅलरीतून बघत होत्या, त्या खाली आल्या. म्हणाल्या, "प्लॉट बघायला आलो तेव्हा याच्याच सावलीत बसून डबा खाल्ला होता." म्हणजे निवृत्त_उद्यान काका, तुमचं बरोबर. झाड इमारतीच्या आधीचं. नोंद मिळते का ते आता शोधतोय.

सभेत मी कायद्याची गोष्ट सांगितली, जहाजं आणि गोल्फसकट. काका सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे संघटना जामीन राहत नाही, ओळख करून देते." मग त्यांनीच ठराव मांडला की लँडस्केप आर्किटेक्ट बाईंना आत्ताच नेमायचं, स्लॅबचं गणित व्हायच्या आधी. फीवरून अर्धा तास वाद झाला. दोघांचा विरोध नोंदवला. ठराव झाला. करारात मातीची खोली चार फूट, ही ओळ काळा_कोट यांच्या सांगण्यावरून घातली.

बाई काल येऊन गेल्या. पार्किंगचा कोपरा साडेतीन मीटर मागे घेतला तर कडुनिंब जमिनीतच राहतं, असं त्यांनी नकाशावर पेन्सिलने आखून दाखवलं. विकसकाच्या दोन गाड्या कमी होतात, त्यामुळे तो अजून तयार नाही. एक आंबा कदाचित वाचेल. बकुळ मात्र अगदी मधोमध आहे, तिचं कठीण दिसतंय. उचलून दुसरीकडे लावता येईल का, विचारलं. त्या म्हणाल्या, प्रयत्न करू, पण एवढ्या वयाचं झाड जगेलच असा शब्द देत नाही.

रानजाई

साडेतीन मीटर सोडू नका. खोदाई सुरू व्हायच्या आधी झाडाभोवती पत्र्याचं कुंपण घालून घ्या, फांद्यांच्या घेराएवढं. खडी, सिमेंट, वाळू त्याच्या आत पडता कामा नये. मुळं त्याच वजनाने गुदमरतात.

मातीवाला

अंगणवेल, काम दुसऱ्याला दिलंत, राग नाही. बकुळीखाली बघा, आपोआप उगवलेली बारकी रोपं असतील. ती मुळाच्या मातीसकट उचला, पाऊस लागला की लगेच. पिशव्या आणि शेणखत माझ्याकडून घेऊन जा, पैसे नकोत. इमारत होईपर्यंत तीन-चार वर्षं जातील, तेवढ्यात कमरेएवढी होतील. नर्सरीत ठेवायला जागा आहे.